दादाच्या वहीतलं झुरिक

डोंबिवली पूर्व
८ जानेवारी

अंतरा,

मायना काय लिहावा ते सुचेना. दोन कागद त्यातच गेले, म्हणून नुसतं तुझं नाव लिहिलं आहे.

मी मे महिन्यात झुरिकला येणार आहे. सहा दिवस. तुझ्याकडे उतरणार नाही, जेवायला येणार नाही, विमानतळावर कोणी यावं अशीही अपेक्षा नाही. पण एकाच गावात असताना अचानक रस्त्यात समोर आले तर तुला त्रास होईल, म्हणून आधी कळवते आहे.

तू माझा नंबर बंद केला आहेस हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा पत्ता दादाने लिहून ठेवलेला आहे, तुझ्या दिशाच्या जन्माआधीचा. पत्र परत आलं नाही तर ते तुला मिळालं असं मी समजेन.

मी अजून त्याच घरात आहे. सकाळी तीन तास वाचनालयात जाते. नव्या पुस्तकांना कव्हरं घालते, जुन्यांची पानं सुटली असतील तर चिकटवते. त्यामुळे नवं पुस्तक सगळ्यांच्या आधी माझ्या हातात येतं. नववी नापास बाईला यापेक्षा चांगली नोकरी कोण देणार होतं? लग्न होऊन आले तेव्हा घरात तुझीच तेवढी पुस्तकं होती. तू शाळेत गेलीस की जी घरी राहत ती मी भात शिजेपर्यंत वाचायचे. संध्याकाळी तू त्यातले प्रश्न मला विचारायचीस आणि माझ्या उत्तरांवर लाल पेन्सिलीने बरोबर नाहीतर चूक अशी खूण करायचीस. तू आठ वर्षांची, मी तेवीस. सासूबाई म्हणायच्या, "ह्या नणंद-भावजया नव्हेत. मास्तरीण आणि तिची ढ पोर."

त्या गेल्या तेव्हा तू अकरावीत होतीस. पुढे घरात आपण तिघंच, ते तुला माहीत आहे.

एक गोष्ट तुला समोर बसून सांगायची आहे. त्यासाठी येते आहे. तू भेटली नाहीस तर सहा दिवस राहून परत येईन.

वहिनी


२९ जानेवारी

अंतरा,

पत्र परत आलं नाही.

आता वहीबद्दल. दादा नोकरीला होता तो मोहने गावातला कारखाना बंद पडला तेव्हा त्याने प्रयोगशाळेतल्या तीन कोऱ्या वह्या घरी आणल्या होत्या, आठवतात? लांबरुंद, जाड पुठ्ठ्याच्या, पानांवर नंबर छापलेले. दोन तुझ्या कॉलेजात संपल्या. तिसरीच्या पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात असं आहे: "झुरिक. दोन माणसं. मार्च २०२२. बारशाला."

नंतर तो ठाण्याला वर्तकनगरच्या औषधांच्या दुकानात लागला, तिथे दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा तो मोबाइलवर वाचून टिपणं काढायचा. चाळीस पानं भरली आहेत. मला त्यातलं अर्धंच माहीत होतं. पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा मी म्हटलं होतं, "एवढ्या महागड्या गावात आपण काय खाणार?" तर म्हणाला, "माझ्याकडे योजना आहे." ती योजना आता वाचते आहे.

"पाणी विकत घेऊ नये. गावात हजारावर कारंजी आहेत, पाणी पिण्याचं." "रविवारी दुकानं बंद. शनिवारी पाव, दूध घेऊन ठेवणे." "दुकान बंद होण्याआधी खाण्याच्या वस्तू अर्ध्या किमतीला मिळतात. लाजू नये." "दिवसाचं तिकीट काढलं तर ट्राम आणि तळ्यातली बोट दोन्ही चालतं." "अंतराकडे चार दिवस, मग हॉस्टेल. बाळंतीण आहे, ओझं नको." आणि एका पानाच्या कोपऱ्यात, कशाशी संबंध नसताना, माझ्याबद्दल: "सरोजला थंडी बाधते. लोकरीचे मोजे."

त्याच्या वहीत एक फ्रँक ऐंशी रुपयांना आहे. आता शंभराच्या पुढे गेला. त्याने दोन माणसांचं दहा दिवसांचं जमवलं होतं, मी एका माणसाचं सहा दिवसांचं जमवते आहे.

तिकीट आणि व्हिसासाठी कल्याणला दर्शनाकडे गेले होते. दर्शना आमच्या वाचनालयात यायची, तिथली ओळख. तिचे सासरे राघोबा पूर्वी जिथे भात लावायचे तिथे आता टॉवर आहे. पैशाची ददात नाही, पण घरी बसून करायचं काय, म्हणून तिने टूरचं ऑफिस काढलं. मोठ्या मनाची बाई आहे, मोठ्या आवाजाची पण.

"काकू, झुरिक? एकट्या? त्यापरीस बालीला चला ना आमच्यासंगती. स्वैपाकी बरोबर हाय, वरणभात मिळंल."

"मला झुरिकलाच जायचंय."

"तिथं एक चहा पाचशे रुपयाला पडतो, म्हाइत हाय?"

"मी चहा पिणार नाही."

"सहा दिवस?"

"सहा दिवस."

तिने पेन खाली ठेवलं. "काकू, तुमी घरातून पळून-बिळून तर नाय ना चाललाव?"

"घरात आहे कोण, ज्याच्यापासून पळू?"

मग तिने मला चहा पाजला आणि तिच्या पहिल्या युरोपच्या टूरची गोष्ट सांगितली. सासूने सुके बोंबील बांधून दिले होते. हिने हॉटेलच्या खोलीतल्या इस्त्रीवर भाजले. अख्ख्या इमारतीत आगीची घंटा! चाळीस माणसं गाउनवर आणि लुंगीवर रस्त्यात. "मॅनेजर नाक वर करून वास घेतो, आनि मी बोलते, काय जलतंय वो? इलेक्ट्रिकचं असंल!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही. खूप दिवसांनी.

सहा बायकांच्या खोलीत एक पलंग मिळेल म्हणाली. वरचा घेतला, तो स्वस्त आहे.

"गुडघे काकू?"

"चढेन."

दिशाचा एक फोटो पाहिला आहे मी. दोन वर्षांपूर्वीचा. तिच्या बाबाने, सलिलने, पाठवला होता. त्याला रागावू नकोस.

वहिनी


१७ फेब्रुवारी

अंतरा,

व्हिसाचा अर्ज काल भरला. दर्शना संगणकावर प्रश्न वाचत होती आणि मी उत्तरं देत होते. तिथे कोणी नातेवाईक आहेत का, असं तिने विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आधी स्वतःच म्हणाली, "नाय लिवते काकू. हाय बोललं तर शंभर प्रश्न. ती बोलावते का, पत्र दाखवा, तिचा पगार दाखवा. तुमी निसर्ग बघायला चालल्याव. बास."

मी सही केली. घरी आल्यावर भाजी निवडताना लक्षात आलं, मी काय लिहून दिलं आहे. झुरिकमध्ये माझं कोणी नाही.

चार वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. एक सोपं उत्तर समोर आलं आणि मी ते देऊन मोकळी झाले.

अंतरा, त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू बाराव्या दिवशी फोन केलास. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी दादाचा हार घातलेला फोटो टाकला होता. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, "वहिनी, मग मी कोणाला ओवाळलं?" आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझा आवाज ऐकलेला नाही.

तू सगळं जाणतेसच. तरी माझ्या बाजूने एकदा लिहिते. पाडव्याच्या पहाटे दादा उठला, पाणी तापत ठेवलं, खुर्चीत बसला. मी उटण्याची वाटी घेऊन आले तेवढ्या वेळात सगळं संपलं होतं. डॉक्टर आले ते नाडी बघायलाच. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तुला सातवा महिना. इतक्या वर्षांच्या उपचारांनंतरचं मूल, आणि तुला अंथरुणातून उठायची बंदी होती. तुला सांगायचं नाही असं सगळ्यांचं मत पडलं. परदेशातल्या माणसाला अशा वेळी सांगत नाहीत, ही आपल्याकडची रीतच आहे. जो तो म्हणत होता, बाळंतपण होऊ दे. तू फोन केलास तेव्हा मी म्हटलं, त्याला ताप आहे, औषध घेऊन झोपलाय, बोलता येणार नाही. तू म्हणालीस, "मग झोपलेल्यालाच ओवाळते. फोन त्याच्यासमोर धर." मी कॅमेरा बंद ठेवला आणि फोन धरला.

हे असं झालं.

गेल्या दिवाळीत सलिलचा फोन आला होता. दादाच्या तिथीला तो दर वर्षी करतो. तुम्ही दोघं आता वेगळ्या घरांत राहता हे त्याच्याकडूनच कळलं. मी कारण विचारलं नाही. त्याने आपणहून एवढंच सांगितलं, "बऱ्याच गोष्टी आहेत वहिनी. त्यातली एक तुम्हाला माहीत आहे."

मी वही उघडली ती त्यानंतरच्या आठवड्यात.

वहिनी


५ मार्च

अंतरा,

व्हिसाच्या ऑफिसात जाऊन आले. दर्शनाने फाइल लावून दिली होती, वर इंग्रजी पत्र: मला स्वित्झर्लंडचं निसर्गसौंदर्य पाहायची लहानपणापासून इच्छा आहे. खडवलीजवळच्या आमच्या पाड्यात लहानपणी मला स्वित्झर्लंड हे नावही ठाऊक नव्हतं.

मी ते पत्र काढून घेतलं आणि माझं ठेवलं. शब्दकोश घेऊन चार दिवस लिहीत होते. त्यात लिहिलं आहे की माझी नणंद झुरिकमध्ये राहते, तिचं नाव आणि पत्ता असा आहे, तिने मला बोलावलेलं नाही, ती मला भेटेलच असं नाही, माझा खर्च मी करणार आहे, आणि परत येणार आहे कारण इथे माझं घर आणि काम आहे. अर्जातलंही ते उत्तर मी बदलून घेतलं. दर्शनाला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, "काकू, तुमी आपल्या हातानं व्हिसा घालवलाव!"

काउंटरवरच्या मुलीने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाली, "आजी, हे असंच द्यायचंय?"

"चूक आहे का काही?"

"नाही, चूक नाही." मग तिने शिक्का मारला.

आता पंधरा-वीस दिवस वाट पाहायची. तोपर्यंत माझा कार्यक्रम तुला पाठवते आहे. सोबतचा कागद बघ. कडेचा समास मोठा सोडला आहे, तो सवयीने सुटला. कुठे, किती वाजता असेन ते सगळं त्यात आहे, म्हणजे तुला टाळायचं असेल तर त्या वेळी त्या बाजूला यायला नको.

पाचव्या ओळीत लिहिलं आहे की रोज चार ते पाच मी तुझ्या विद्यापीठामागच्या बागेत, तळ्याजवळच्या बाकावर बसेन. नकाशात बघून ठरवलं. पाऊस असला तरी बसेन. सहाव्या ओळीत दादाची वही आहे. निघायच्या दिवशी ती तुझ्या इमारतीतल्या पत्रपेटीत टाकेन. ती तुझीच आहे.

वहिनी


१२ मार्च

अंतरा,

हे पत्र लिहायचं नव्हतं. जे सांगायचं ते तुझ्यासमोर बसून सांगायचं असं मी चार महिने मनाशी घोकलं. पण मग विचार केला की एवढ्या लांबून आलेली म्हातारी बाकावर बसलेली बघून तुझ्या मनात काही हललं, तू आलीस, आणि मग मी सांगितलं, तर तो पुन्हा तुला फसवणंच झालं. तू आधी ऐक. मग बागेकडे फिरकायचं की नाही ते ठरव.

फेब्रुवारीतल्या पत्रात लिहिलं की तुला सांगायचं नाही असं सगळ्यांचं मत पडलं. ते खरं नाही. कोणाला काही विचारलंच नव्हतं. शेजारीपाजारी म्हणत होते ते म्हणत होते, पण ठरवलं मी. आणि सलिलने ठरवलं असं तू समजतेस, तेही खरं नाही.

पाडव्याला सकाळी सातला मी सलिलला फोन केला. तिकडे मध्यरात्र उलटली होती. तो म्हणाला, "वहिनी, सकाळी मी तिला सांगतो. मी जवळ आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत. ती सोसेल. तिला न सांगणं तिला सोसणार नाही." शब्द न् शब्द हाच. मी त्याला नाही म्हटलं. तो ऐकेना, तेव्हा मी त्याला दादाची शपथ घातली. दादा आत जमिनीवर होता, आणि मी त्याची शपथ घातली. मग त्याने मानलं.

नंतर तुला कळलं तेव्हा त्याने सगळं स्वतःवर घेतलं. "मीच वहिनींना म्हटलं" असं त्याने तुला सांगितलं, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. चार वर्षं. तू माझ्यावर रागावली होतीस ते मला सोसत होतं, कारण त्यातला अर्धा राग तो वाहत होता.

भाऊबीजेला ओवाळताना तुझा फोन सलिलने धरला होता. माझ्या पडद्यावर चित्र सारखं हलत होतं. तू म्हणालीस, "अरे, नीट धर ना." तो समोर बसून सगळं बघत होता आणि त्याला सगळं माहीत होतं.

आता मी असं का केलं ते.

तुझ्या तब्येतीसाठी केलं असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पहिल्या दिवशी ते थोडंफार खरंही असेल. पाडव्याचं तबक मी आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवलं होतं. ते तसंच देव्हाऱ्यापाशी राहिलं, कोणीतरी नंतर उचललं. दुसऱ्या दिवशी तू निरांजन लावलंस, पाठीला उशी, मांडीवर टॉवेल, आणि म्हणालीस, "दादा, डोळे मीट हवं तर, पण हसू नकोस." मी फोन त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर धरला होता. घरात सुतक होतं. निरांजन फिरताना मी खुर्चीकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं. तुझ्या तोंडावरून दिसत होतं की तो खुर्चीत आहे.

त्यानंतर तू रोज फोन करायचीस. मी सांगायचे, आज ताप उतरला. आज दोन घास भात खाल्ला. आज तुझी आठवण काढली. तुला सांगताना तो बरा होत होता. दहाव्या दिवशी घाटावरून आले, आंघोळ केली आणि तुला फोनवर सांगितलं, आज गॅलरीत ऊन खात बसला होता. तू केवढी खूश झालीस. फोन ठेवल्यावर मी खरोखर गॅलरीत जाऊन पाहिलं.

सगळ्या जगात तुझं एकच घर उरलं होतं जिथे तो जिवंत होता. मला ते घर हवं होतं. त्यासाठी मी तुझे अकरा दिवस घेतले. भावासाठी रडायचे तुझे दिवस होते ते.

तू ओवाळून झाल्यावर म्हणालीस, "दादा, ओवाळणी राहिली हां तुझ्याकडे." मी म्हटलं, "देईल तो." ते मी उगाच म्हटलं होतं. ओवाळणीचं मला काही ठाऊक नव्हतं. वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर त्याने लिहिलं आहे ते मी या दिवाळीनंतर वाचलं. जसंच्या तसं उतरवते: "भाऊबीजेला अंतरानं ओवाळलं की लगेच सांगायचं. ओवाळणी म्हणून आम्ही दोघं येतोय. हे ओवाळणीचं सरोजला आधी सांगू नये, तिच्या पोटात राहणार नाही."

माझ्या पोटात काय काय राहिलं ते त्याला कळलं नाही, हे बरंच झालं.

सलिलशी तू पुन्हा बोलावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुमच्यातल्या बाकीच्या गोष्टी मला माहीत नाहीत. पण ही एक गोष्ट त्याची नव्हती. ती माझी आहे, ती त्याच्या अंगावरून काढून घेते आहे.

वहिनी


१८ एप्रिल

अंतरा,

व्हिसा मिळाला. दर्शनाने पेढे वाटले. "खरं बोलून व्हिसा मिळाला, आता हे मी बोर्डावर लिवणार," म्हणाली.

मधल्या दिवसांत सलिलचा फोन येऊन गेला. त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही तिला काय लिहिलंत?" मी विचारलं, "का?" तो म्हणाला, "दर शनिवारी ती दिशाला दारात सोडून जाते. काल आत आली. बसली. पाणी मागितलं." मग म्हणाला, "ग्लास हातात घेऊन नुसती बसली होती. प्यायली नाही. मग गेली."

आणि परवा तुझं पाकीट आलं.

उघडायला संध्याकाळ झाली. आधी चपला जागेवर लावल्या, दूध तापवलं, मग उघडलं. आत पत्र नव्हतं. माझाच कागद होता, कार्यक्रमाचा. त्यावर लाल पेनाने खुणा.

पहिल्या ओळीला बरोबर. दुसऱ्या ओळीत मी विमानतळावरून ट्रेन लिहिली होती, ती खोडून "ट्राम. थेट आहे" असं केलं आहेस. तिसरी, हॉस्टेल: "वरचा पलंग नको, खालचा घे." कारंज्यांच्या ओळीला बरोबर, आणि पुढे "एखाद्यावर पाटी असते, तिथलं पिऊ नकोस." खालच्या सामानाच्या यादीत मेतकूट, भाजणी, पोहे यांना बरोबर. दिशासाठी घरचं तूप लिहिलं होतं, त्याला चूक. "दूध-तूप आणू देत नाहीत." मोजे लिहायचे राहिले होते, ते तू यादीत जोडलेस. "लोकरीचे. मेमध्येही."

मोज्यांचं मी तुला वहीतलं लिहिलं होतं, हे नंतर आठवलं. तरी तो कागद मी तसाच हातात धरून बसले होते.

पाचव्या ओळीसमोर, बागेच्या, काही नाही. बरोबर नाही, चूक नाही. पेन टेकून उचलल्यासारखा एक ठिपका आहे, पण तो पाकिटातही पडलेला असू शकतो. त्याचा अर्थ मी लावणार नाही. त्या बाकावर मी बसणार आहे, पुस्तक बरोबर असेल. तू आली नाहीस तर ते वाचून होईल.

खालचा पलंग घेतला. दर्शनाला फरकाचे पैसे द्यायला गेले तर तिने घेतले नाहीत. म्हणाली, "तुमी काय आयकणारी बाई नाय. कुनी आयकवलं?" मी म्हटलं, माझ्या नणंदेने.

ट्रामचा रस्ता नकाशावर पाहिला. ती तुझ्या बागेवरून जाते. तू ते लिहिलेलं नाहीस, तेव्हा मीही काही धरून चाललेले नाही.

शेवटची, सहावी ओळ. "दादाची वही पत्रपेटीत टाकेन." ती तू खोडली आहेस, आणि समासात लिहिलं आहेस: "पेटीचं तोंड अरुंद आहे. वही जाणार नाही."

मग ती कशी द्यायची, ते लिहिलेलं नाहीस. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, कागद उलटूनही पाहिला.

काल वाचनालयातून येताना आपल्या जिन्याखालच्या पत्रपेट्यांसमोर उभी राहिले. तिथल्या असतील त्यापेक्षा या मोठ्याच असतील. वर जाऊन वही घेऊन आले आणि आपल्या पेटीला लावून बघितली. आडवी धरली, उभी धरली. पुठ्ठा जाड आहे, वाकत नाही.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. नाही जाणार.

वही हातातल्या पिशवीत ठेवते आहे, सामानात देणार नाही. बारा मेला दुपारी पोचते.

वहिनी